तेवढं एकच विचारलं नाहीस

प्रिय टिल्ल्या,

सहा फूट उंची झाली, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले, तरी पत्राला सुरुवात करताना तुझं हेच नाव हातून उतरलं. रोज फोन होत असताना ताईला मध्येच पत्र लिहायची हौस कुठून आली, असं तुला वाटेल. हौस नाही रे. फोनवर आई शेजारी असते, आणि शेजारी नसली तरी आपल्या घरात फोनवर कुणी खरं बोलत नाही. 'बरं आहे', 'जेवलास का', 'थंडी आहे का तिकडे', एवढ्यावर आपली कित्येक वर्षं निघाली. मी घरी राहायला आलेय हे तुला कळलंच आहे. माझ्या खोलीला रंग देताहेत म्हणून आले, असं आईने तुला सांगितलं. माझ्या खोलीला कुणी रंग देत नाहीये. पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. एकटा असताना वाच, शेवटपर्यंत वाच, मध्येच उठून मला फोन लावू नकोस.

मागच्या महिन्यात मी तुला घराचे फोटो पाठवले तेव्हा तू खूश झालास. स्वयंपाकघरातल्या फळ्यांना नवीन कागद, खिडकीच्या काचा लख्ख, बाबांचा शर्ट कडक इस्त्रीचा. आई किती सावरली, असं तू लिहिलंस. मीही तेच म्हणत होते. गेल्या वर्षी याच वेळेला काय अवस्था होती ते आठव. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, आईला साडीला पिन लावायचीही शुद्ध नाही, आणि दर फोनला तिची रड, की हा माणूस मला वेड लावणार, मी कुठेतरी निघून जाईन, तुम्ही दोघं मजेत आहात. तेव्हा आपण दोघं किती वैतागलो होतो. मग हळूहळू ती रड थांबली, आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकला.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं तुला कळणार नाही. तू नेहमी चिडवतोस, की ताईला गप्पा मारायचा पगार मिळतो. खरं तर गप्प बसायचा मिळतो. डॉक्टर लोक मोजतात, किती जण आजारी, किती तास झोप, किती गोळ्या. ते लागतंच. पण एखाद्या बाईचा नवरा तिला ओळखेनासा झाला की तिच्या सकाळींचं काय होतं, ते कुठल्या रकान्यात मावत नाही. त्यासाठी तिच्यासमोर बसावं लागतं, 'सांगा' म्हणावं लागतं आणि मग तोंड बंद ठेवावं लागतं. परवानगी घेऊन आम्ही सगळं रेकॉर्ड करतो. मग शब्दन् शब्द उतरवून काढतो. ती थांबली तर 'थांबली' लिहितो, हसली तर 'हसली'. ते कागद पुन्हापुन्हा वाचायचे, आणि वाचताना जे हाती लागेल त्याला समासात एक नाव द्यायचं. 'चिडचिड', 'एकटेपण', 'लाज'. अशी नावं वेगवेगळ्या माणसांच्या बोलण्यात पुन्हापुन्हा यायला लागली की त्यातून काहीतरी आकार दिसतो.

या वेळचा विषय होता, विसरण्याचा आजार झालेल्या जोडीदाराला घरी एकट्याने सांभाळणारी माणसं. आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख बाईंनी मला आधीच विचारलं होतं, की तुझ्याही घरी हेच चाललंय, तुला झेपेल ना. मी म्हटलं, म्हणूनच झेपेल. मला या घरांची भाषा येते.

आणि खरंच येत होती. एक निवृत्त काका होते, ते बायकोला माझ्यासमोर नाही नाही ते बोलले, आणि त्याच दमात उठून तिच्या पायांवर शाल नीट केली. एक बाई तासभर फक्त रडल्या, आणि निघताना म्हणाल्या, बरं वाटलं, परत कधी येशील? दुसऱ्या एका बाईंनी नवऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांचा उद्धार केला. मला त्यांच्यात आपली गेल्या वर्षीची आई दिसायची, आणि मनात म्हणायचे, चला, आपण यातून बाहेर आलो.

या सगळ्यांत एक होती शिवणबाई. आम्ही खरी नावं लिहीत नाही, म्हणून हे मी दिलेलं. घरी कपडे शिवून द्यायची. नवऱ्याने आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवली होती. आता तो दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचा, पण पाय जणू क्लचवर असायचा आणि हात गिअरवर. मध्येच ओरडायचा, 'आरशात बघ, आरशात!' तिचं घर इतकं स्वच्छ होतं की मी चप्पल काढताना लाजले. तिने चहा केला, नवऱ्याचं तोंड पुसलं, आणि माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली. विचारशील त्याचं उत्तर. रडणं नाही, तक्रार नाही, आवाज एका पट्टीत. मी विचारलं, सगळ्यात जड काय जातं? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, की जायचं, आधी फार जायचं. आता काही नाही. आता सगळं सोपं झालंय.

खोलीत शिलाई मशीन होतं, त्यावर कव्हर घातलेलं. एरवी शिवणाऱ्या बाईच्या घरात पाय ठेवायला जागा नसते, कापडांचे गठ्ठे, चिंध्या, टाचण्या. तिथे एक धागा नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, गिऱ्हाइकांची कापडं परत करून टाकली, लोकांचं अडकून पडायला नको. नवऱ्याला दुपारी फिरवायला एक मुलगी यायची, तिलाही आता येऊ नको म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं, बाईने स्वतःचा व्याप कमी केला, शहाणपणा केला. घरी येऊन ती मुलाखत उतरवून काढली तेव्हा समासात एक शब्द लिहिला. 'स्वीकार.' केंद्राच्या बाईंनाही तो फार आवडला. बाकी सगळे रडतात, भांडतात, आणि ही एक जण पलीकडच्या काठाला पोचलेली. आमच्या एका बैठकीत बाईंनी तिचं बोलणं मोठ्या पडद्यावर दाखवलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या डॉक्टरीणबाईंनी ते उतरवून घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या गल्लीतल्या दवाखान्यातून केंद्रात फोन आला. शिवणबाईने एका दुपारी दार आतून लावून घेतलं होतं. काय केलं ते लिहीत नाही, तुला त्याचा उपयोग नाही. दोघांचंही संपवायचं तिने ठरवलं होतं, आणि आधी नवऱ्याचं. दोघंही वाचली, ती त्याच्यामुळेच. त्याला काय उमगलं कोण जाणे. खुर्चीतून खाली पडला आणि तिथूनच जिवाच्या आकांताने ओरडत राहिला, 'ब्रेक मार! ब्रेक मार!' वरच्या मजल्यावरच्यांना त्याच्या ओरडण्याची सवय होती, पण त्या दिवशी तो थांबेचना, म्हणून ते खाली आले.

मी केंद्रातल्या पायऱ्यांवर बसून राहिले. बाई शेजारी येऊन बसल्या. मग बाई म्हणाल्या, की तो 'स्वीकार' शब्द आपण दोघींनी मिळून पक्का केला होता, तू एकटीने नाही. मला त्याने बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं, की ती बाई माझ्यासमोर तास-दीड तास बसली, आणि माझं सगळं कामच ऐकण्याचं आहे.

ती बरी झाल्यावर तिनेच निरोप पाठवला की भेटायला ये. आता ती बहिणीकडे राहते, आणि नवरा एका संस्थेत असतो. आठवड्यातून एकदा बहिणीबरोबर ती त्याला बघायला जाते. बहिणीचं घर म्हणजे गोंगाट, मुलं, टीव्ही, कपड्यांचे ढीग. शिवणबाई त्या ढिगात बसून भाज्या निवडत होती आणि बहिणीच्या सुनेबद्दल माझ्याकडे कागाळ्या करत होती. चेहरा ओढलेला होता, डोळ्यांखाली काळं. पण जिवंत माणूस दिसत होती. रेकॉर्डर काढू का, विचारलं, तर म्हणाली काढ, या वेळी खरं बोलते.

ती म्हणाली, "मागच्या वेळी तू मला सगळं विचारलंस. झोप येते का, जेवण जातं का, जुनी आठवण येते का. तेवढं एकच विचारलं नाहीस."

मी म्हटलं, "विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

"लगेच," ती म्हणाली. "वाट बघत होते कुणीतरी विचारेल म्हणून. पण मी बरी दिसायला लागले ना, तशी सगळ्यांनी विचारायचंच सोडलं."

मग तिने जे सांगितलं ते मी तुला जमेल तेवढं सांगते, कारण माझ्या डोक्यातून ते जात नाही. ती म्हणाली, ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी तिला कित्येक महिन्यांनी भूक लागली. चिडचिड गेली. नवऱ्याने अंथरूण ओलं केलं तरी राग येईना, कारण आता थोडेच दिवस आहेत. शेजारणीशी नळावरून भांडण होतं ते तिने मिटवलं. घर आवरायला हुरूप आला, कारण मागे येणाऱ्यांनी नावं ठेवायला नकोत. लोक म्हणाले, काय सावरलीस गं. ती म्हणाली, मी मनात म्हणायचे, बघा, एवढंसुद्धा कळत नाही यांना. आणि त्याचा तिला रागही येत नव्हता. म्हणाली, एकदा ठरलं की माणूस सगळ्यांशी फार गोड वागतो.

मी केंद्रात परत आले आणि तिची पहिली मुलाखत हेडफोन लावून पुन्हा ऐकली. आधी मी फक्त शब्द ऐकले होते. आता ऐकलं तर तिचं प्रत्येक वाक्य आटोपल्यासारखं संपत होतं. पुढच्या महिन्याबद्दल, पुढच्या आठवड्याबद्दल एक अक्षर नव्हतं. बाकी सगळ्यांच्या बोलण्यात होतं. ते काका दात-ओठ खात का होईना, पण बायकोसाठी नवीन गादी घ्यायची म्हणत होते. हिच्या बोलण्यात उद्या नव्हताच. मी समासातला 'स्वीकार' खोडला आणि तिथे काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून जागा मोकळी ठेवली. आणि तशीच ऐकत बसले असताना, टिल्ल्या, मला वाटलं की हा आवाज मी अलीकडे दुसरीकडेही ऐकलाय. हीच पट्टी. हीच आटोपशीर वाक्यं. हेडफोन काढले तरी तो आवाज थांबेना.

त्या रविवारी मी घरी गेले. नेहमीसारखी जेवायला गेले असंच दाखवलं, पण या वेळी मी आपलं घर माझ्या कामाच्या डोळ्यांनी बघितलं. आईची ती काचेची मोठी बरणी, जिला आपल्याला हात लावू द्यायची नाही, ती शेजारच्या काकूंच्या ओट्यावर दिसली. वरच्या मजल्यावरून पाणी गळतं त्यावरून तिचं वर्षानुवर्षं भांडण चाललंय, त्याबद्दल म्हणाली, जाऊ दे गं, गळेना का. मला दोन रजया काढून दिल्या, आत्ताच घेऊन जा म्हणाली, खरं तर थंडीला अजून किती अवकाश आहे. बाबांसाठी दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात आपण नाव नोंदवलं होतं आठवतं? ज्या जागेसाठी ती दर आठवड्याला फोन करून त्या लोकांना हैराण करायची? मी विचारलं, नंबर लागला का. तर म्हणाली, मीच नाव काढून घेतलं, दुसऱ्या कुणाची तरी सोय होईल.

बाबा त्यांच्या खुर्चीत होते. तीस-पस्तीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडल्या, त्यामुळे आता बाकी सगळं गेलं तरी समोर माणूस आला की विचारतात, 'कोण बोलतंय?' गेल्या वर्षी आई वैतागून म्हणायची, 'राँग नंबर!' आणि मग स्वतःच हसायची, तेही हसायचे. त्या दिवशी त्यांनी विचारलं, कोण बोलतंय, तर आईने त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि इतक्या मायेने म्हणाली, "थांबा हं जरा. लाइन लागतेच आहे आता."

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. स्वतःला समजावलं, की तू कामाचं भूत घेऊन घरी आलीस, एका बाईने जे केलं ते आपली आई कशाला करेल. बाईंनी आम्हाला हेच शिकवलंय, की आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडी घालायचं नाही. आणि त्यावर उपाय त्यांनी एकच सांगितलाय. विचारायचं.

दुपारी बाबा पेंगले. आई ओट्याशी उभी राहून टॉवेलांच्या घड्या करत होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले, एक टॉवेल हातात घेतला, आणि विचारलं. आडून नाही.

"आई, बाबांना आणि स्वतःला संपवायचं तुझ्या मनात आहे का?"

ती दचकली नाही. 'काहीतरीच काय' म्हणाली नाही. तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. हातातली घडी पूर्ण केली, ती ढिगावर ठेवली, कड सारखी केली.

"बाळाची बातमी येऊ दे म्हटलं," ती म्हणाली. "सुखरूप सुटका झाली एवढं कानावर आलं की झालं. त्याच्या आधी नको. पोरीला धक्का बसायला नको."

टिल्ल्या, खाली बस. मीही ओट्याशीच खाली बसले होते. वहिनीची तारीख ती तुला दर फोनला का विचारते ते आता तुला कळेल. आपण म्हणायचो, आजी होणार म्हणून हरखलीय. तुझ्या बाळाचे कपडे तिने कधीच शिवून तयार ठेवलेत, सगळ्या मापांचे, अगदी दोन वर्षांपर्यंतचे. मी हसून विचारलं होतं, एवढी काय घाई. सोपं आहे, तिला पुढे वेळ मिळणार नव्हता. आणि तुला ती सांगत होती ना, बाळंतपण होईपर्यंत इकडे फिरकू नकोस, उगाच दोन-दोन खेपा नकोत, नंतर सगळे एकदमच या? ते सगळं तिने नीट विचार करून सांगितलं होतं. ती तुझी एक खेप वाचवत होती.

मी तिला धरलं. तिचं अंग लाकडासारखं होतं. मग ती म्हणाली, की तुम्ही दोघं दमलेले असता, मी किती वेळा तेच तेच सांगायचं. ऐकून तुमचे आवाज कसे व्हायचे ते मला कळायचं. म्हणून सांगणं सोडलं. आणि मग ती रडायला लागली, गेल्या वर्षीसारखी, तोंड वेडंवाकडं करून, आणि बाबा जागे होऊन आतून विचारायला लागले, कोण बोलतंय, कोण बोलतंय. ती रडता रडता ओरडली, "मी बोलतेय, मी!"

त्या संध्याकाळपासून मी इथेच आहे. दुसऱ्या दिवशी तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ती आली, विरोध केला नाही. गोळ्या सुरू आहेत. घरातल्या सगळ्या औषधांना, आणि आणखी काही गोष्टींना मी कुलूप घातलंय, किल्ली माझ्याजवळ असते. दिवसभराच्या केंद्रात जाऊन मी हातापाया पडले, बाबांना पुन्हा घ्यायला ते तयार झाले. सकाळी त्यांची गाडी येते. मी कामाला जाते तेव्हा मावशी येऊन बसते, तिला सगळं सांगितलंय. बाईंनी मला या प्रकल्पातून मोकळं केलं, पण मी निघताना म्हणाल्या की सगळ्या घरी परत जायचं आणि प्रत्येकाला तो प्रश्न विचारायचा, हे आता ठरलंय. त्या काकांनाही बाईंनी विचारलं. त्यांनी अर्धा तास शिव्या घातल्या. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

आईही सुरुवातीला भांडली. मला म्हणाली, कुलपं लावतेस, मी काय चोर आहे? वरच्या मजल्यावर जाऊन पाण्यावरून तमाशा करून आली, आणि मी जिन्यात उभी राहून देवाचे आभार मानले. शेजारच्या काकूंकडून बरणी परत आणली. आपण गेल्या वर्षी ज्याला रड म्हणत होतो ना, तो तिचा जीव होता, तो धडपडत होता. मला वाटलं, झालं, परतली.

पण या आठवड्यात ती पुन्हा शांत झालीय. डॉक्टरांनी बजावलं होतं, की चढउतार होतील, आणि बाळाची तारीख जवळ येईल तसं जपा. तिने मनातून काढून टाकलंय असं ती मला अजून एकदाही म्हणालेली नाही. मी रोज विचारते, आणि ती म्हणते, बघू. निदान खोटं बोलत नाही. काल तिने मला गोफाची वेणी घातली, लहानपणी घालायची तशी, आणि केस विंचरताना सहज विचारलं, डॉक्टर काय म्हणाले वहिनीला, तारखेच्या आधीही होऊ शकतं का. मी आरशात तिच्याकडे बघितलं. ती हसली. फार गोड हसली रे.

म्हणून हे पत्र. मी तुला सांगणार नाही असं तिने माझ्याकडून वचन घेतलंय, ते मी मोडतेय. बसस्टॉपवरून मी तुला मध्ये दोनदा फोन लावला होता. दोन्ही वेळा तू आधीच म्हणालास, आई हल्ली किती छान बोलते, आणि माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं. वहिनीला अशा दिवसांत एकटं सोडून ये, असं मी तुला म्हणणार नाही. जमलं तर तारखेच्या आधी एका दिवसासाठी ये. नाही जमलं तर आज संध्याकाळी आईला फोन कर. जेवण झालं का, थंडी आहे का, हे काही विचारू नकोस. जे मी ओट्याशी विचारलं ते तूही विचार, त्याच शब्दांत. तुझा आवाज कापला तर कापू दे, तिला तो ऐकू दे. ती रडली, तुझ्यावर ओरडली, तर फोन ठेवू नकोस. आणि बाळ झालं की, मुलगा असो मुलगी असो, कितीही आनंद झाला तरी, पहिला फोन आईला करू नकोस. मला कर. मी कुठेही असले तरी घरी पोचेन, बाबांना मावशीकडे पाठवीन, आईच्या शेजारी बसून तिचा हात धरीन आणि तुला सांगेन, की आता सांग. त्याच्या आधी तिच्या कानावर ती बातमी जाऊ देऊ नकोस.

तुझ्या फोनकडे कान लावून बसलेली,
तुझीच,
ताई